मांजरेच्या वाळूतले सात कण

भूकंप झाला त्या वर्षी लातूरच्या सराफ्यात दागिने घडत नव्हते, मोडत होते. ऐकणाऱ्याला वाटेल, बाजारात सोनं आलं म्हणजे सोन्याच्या आसपास जगणाऱ्या सगळ्यांचीच चंगळ झाली असणार. आमचं उलटं झालं. माझे अब्बा झारेकरी. सोनाराच्या दुकानातली धूळ, केर, मोरीतला गाळ गोळा करायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यात निसटलेलं सोनं काढायचं, हे आमचं पिढीजात काम. दागिना घडताना कानस चालते, तार ओढली जाते, कीस उडतो. तो चटईत, उंबऱ्याच्या फटीत, कारागिराच्या लुंगीच्या घडीत जाऊन बसतो. मोडीचा दागिना मात्र सरळ मुशीत वितळायला जातो. त्यातून काय उडणार? लग्नं थांबली होती, भट्ट्या गार होत्या आणि अब्बांच्या पोत्यात नुसती धूळच येत होती.

मी सहावीत होते. आमच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती, म्हणून आम्ही पुढच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला राहायचो. अम्मी साड्यांना फॉल लावायची. दुपारी चूल पेटत नव्हती. सकाळची भाकरी आणि अंबाडीची भाजी दोन्ही वेळेला पुरवायची. लोक अब्बांना म्हणायचे, "अरे, किल्लारीकडं जा की. गावंच्या गावं मातीत गेलीत. तुझ्या हाताला काय न्हाई सापडणार?" अब्बा गेले, पण मलबा उपसायच्या मजुरीवर. टोपलं उचलताना ते मातीकडं बघत नसत, असं त्यांच्या बरोबरचे सांगायचे. "ती माती धुवायची नसते," एवढंच ते घरी बोलले. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

ही सगळी बोलणी आमच्या घरात दखनीत व्हायची. मी ती मराठीत लिहितेय, कारण मी शिकले मराठीत.

पाच-सहा वर्षांत लातूर ओळखू येईना. लोखंडी पेटी, वळकटी आणि पिठाचा डबा घेऊन मुखेड, मुरुड, रेणापूर, कुठकुठली पोरं एसटीतून उतरायला लागली. ज्या गल्लीत दोन कपबश्या जास्त असल्या तरी श्रीमंती समजत, तिथं प्रत्येक माडीवर चार-चार पोरं भाड्यानं राहायला लागली. खांबाखांबावर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या पाट्या. लग्नंही पुन्हा धडाक्यात लागायला लागली, सराफ्यात कानशीचा आवाज परत आला आणि आमची दुपारची चूल पेटायला लागली.

मी दहावीला शाळेत पहिल्या पाचात आले आणि हट्टानं सायन्स घेतलं. अम्मीनं हो म्हटलं, पण अटीवर. उदगीरचं एक स्थळ आलं होतं. मुलाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, माणसं चांगली. अम्मीनं त्यांना थांबवून ठेवलं होतं. मला म्हणाली, "बारावी पास झालीस तर पुढं शीक, मी आडवी येणार नाही. गचकलीस तर उदगीर. मग रडायचं नाही." मी म्हटलं कबूल. अकरावीची केमिस्ट्री हातात आली आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. कॉलेजात शिकवणारेच सांगायचे, क्लास लावा. क्लासची फी विचारून अब्बा एकदा परत आले होते. काय सांगितली ते त्यांनी घरी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आणि मग बारावीच्या सुरुवातीला एक दिवस केमिस्ट्रीच आमच्या दारात येऊन उभी राहिली.

सर रेणापूरकडच्या शेतकरी घरातले. एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. बिनलग्नाचे, उंच, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं की परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी डबा बांधून ओढ्यावर जातात आणि मजा म्हणून वाळू धुवून सोन्याचे कण शोधतात. पोटासाठी नाही. छंद म्हणून. हे त्यांच्या डोक्यात असं बसलं की धुवायला शिकवणारा माणूस शोधत ते सराफ्यात आले आणि सोनारांनी त्यांना आमच्या घराकडं पाठवलं.

अब्बा अंगणात काठवट घेऊन बसले होते. काठवट म्हणजे पसरट लाकडी परात. कुणी तिच्यात पीठ मळतं, आम्ही तिच्यात सराफा धुवायचो. सरांचं सगळं बोलणं ऐकून अब्बा म्हणाले, "सर, नदीत सोनं नसतंय. सोनं सराफ्यात असतंय."

"नसू द्या हो चाचा. मला धुवायला शिकवा."

"नसलेलं धुवायचं?"

"छंद हाय."

अब्बांनी काठवट खाली ठेवली आणि सरांकडं नीट पाहिलं. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या बाईकडं बघावं तसं. तेवढ्यात अम्मी आतून म्हणाली, "काय शिकवता म्हणे तुम्ही?"

"केमिस्ट्री."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग अम्मीच बोलली, "मग ह्यांच्याकडनं धुवायला शिका आणि आमच्या पोरीला ती केमिस्ट्री शिकवा. फिटंफाट."

आमचा करार हा असा झाला, अम्मी पडद्याआड आणि दोन पुरुष अंगणात तोंड उघडं टाकून.

पावसाळा उतरून वाळू उघडी पडल्यापासून दर रविवारी आम्ही तिघं रेणापूरकडच्या एसटीत बसायचो आणि मांजरेच्या पुलाजवळ उतरायचो. अब्बांच्या काखेत काठवट, सरांच्या पिशवीत लोहचुंबक, भिंग आणि इंजेक्शनची रिकामी बाटली, माझ्याकडं वही आणि भाकरी. कंडक्टर सरांना विचारायचा, "पाटील, काठवटीचं हाफ तिकीट फाडू का?" सर हसायचे. अब्बांना मात्र ते आवडायचं नाही. हत्याराची चेष्टा त्यांना सहन होत नसे.

सर हुशार माणूस, पण हात लाकडाचे. सगळी ताकद खांद्यात. काठवट अशी हलवायचे की अर्धी वाळू विजारीवर.

"ढिला सोडा हात," अब्बा म्हणायचे. "परात नक्को फिरवा, मनगट फिरवा. काम तुम्ही नाही करायचं, पाण्याला करू द्या."

"पाणी करतंय की."

"पाणी पळून जाऊन राहिलंय तुम्हाला भिऊन."

शिकवताना अब्बा वेगळेच दिसायचे. घरी चार शब्द बोलणारा माणूस. नदीवर त्यांना वाचा फुटायची. आधी ढेकळं बोटांनी फोडायची, खडे वेचून टाकायचे. मग काठवट पाण्याच्या पातळीखाली धरून डावी-उजवी हलवायची, म्हणजे जड ते तळाला बसतं. मग एक बाजू जराशी कलती करून पाण्याला वरचं हलकं हलकं घेऊन जाऊ द्यायचं. शेवटी उरते ती काळी रेती, चिमूटभर. तिच्यावर रिठ्याचं पाणी दोन थेंब शिंपडायचं, नाहीतर बारीक सोनं तेलकटपणानं पाण्यावर तरंगतं आणि निघून जातं. हे ऐकल्यावर सर उभेच राहिले. "चाचा, हा पृष्ठताण! मी पोरांना फळ्यावर शिकवतो हे." अब्बा म्हणाले, "मग फळ्यावर रिठा लावत जा."

धुवून हात गारठले की सर पुलाखालच्या सावलीत मला शिकवायचे. फळा नाही, ओल्या वाळूवर काटकीनं समीकरणं लिहायची, चुकलं की तळव्यानं पुसायचं. मोल म्हणजे काय हे मला अकरावीभर कळलं नव्हतं. ते सरांनी काठवटीतल्या रेतीवर शिकवलं. एकेक कण मोजायला जन्म जाईल, म्हणून मूठ मोजायची. ते डोक्यात बसलं ते बसलं. समोर अब्बा पाण्यात पाय सोडून बिडी ओढत ऐकायचे. काही कळत नसावं, पण माझं उत्तर बरोबर आलं की सरांच्या आधी त्यांचीच मान हलायची.

नदीकाठच्या रानाचा मालक, एक फेटेवाले आजोबा, पहिल्याच महिन्यात काठी टेकत आले. लांबूनच ओरडले, "काय, गुप्तधन घावलं का?"

"नाही आजोबा," सर म्हणाले. "वाळू धुतोय. छंद म्हणून."

"पैका मिळतो?"

"न्हाई."

"मग मास्तर, छंदच करायचाय तर माझ्या रानात या की. हरभऱ्यात तण लई झालंय. खुरप्याचा छंद करा, वर भाकरी बी देतो."

पुढं ते दर रविवारी यायला लागले, काठावर बसून आम्हाला चिडवायला. हरभरा सोलून माझ्या ओंजळीत टाकायचे आणि म्हणायचे, "पोरी, तू शीक. ही दोघं कामातनं गेल्यात."

पहिला कण मिळाला तो तिसऱ्या रविवारी. काळ्या रेतीच्या शेपटाला एक पिवळा ठिपका, मोहरीच्या टरफलाएवढा. सर पाण्यात गुडघ्यावरच बसले.  अब्बांनी तो ओल्या काडीच्या टोकानं उचलून पाणी भरलेल्या बाटलीत सोडला. सरांनी बाटली उन्हात धरली, मला दाखवली, आजोबांना दाखवली, पुलावरून चाललेल्या एका सायकलवाल्याला थांबवून दाखवली. एवढा आनंद मी मोठ्या माणसाच्या तोंडावर पाहिला नव्हता. आमच्या घरात सोनं निघालं की सुटकेचा श्वास निघायचा. आनंद म्हणून सोनं शोधतात, हे मला त्या दिवशी कळलं.

बारावीच्या वर्षी दिवाळी होऊन थंडी पडेपर्यंत बाटलीत पाच कण झाले होते. एक-दोन रविवार कोरडे जायचे आणि मग एखादा मिळायचा. सर ज्या दिवशी कंटाळलेले दिसायचे, नेमका त्याच दिवशी मिळायचा. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं.

डिसेंबरात अब्बांना ताप आला. त्या रविवारी सर आणि मी दोघंच गेलो, सोबतीला आजोबा. मी लहानपणापासून धूळ धुतलेली, माझा हात अब्बांइतका नसला तरी सरांपेक्षा शंभर पटीनं बरा. आम्ही वीस काठवटी धुतल्या. काही नाही. पुढच्या रविवारी अब्बा आले आणि दुसऱ्याच काठवटीत सहावा कण निघाला. मी शेजारीच होते. शेवटचं पाणी देताना अब्बांनी उजव्या अंगठ्याचं नख काठवटीच्या कडेला घासलेलं मला दिसलं. ते एकच नख ते वाढवायचे. अम्मी त्यावरून त्यांना चिडवायची.

मी सरांचं भिंग मागून घेतलं. भिंगाखाली तो कण चपटा होता, नदीत घासून घासून व्हावा तसा. पण एका कडेला बारीक, समांतर रेघा होत्या. चार-पाच रेघा, ओळीनं. सरांना त्या रेघांचा अर्थ लागला नसता. लागणार कसा? मी मात्र शाळेत जायच्या आधीपासून तेच बघत आले होते. ते कानशीचे दात होते. तो कीस होता, दोन दगडांमध्ये ठेचून चपटा केलेला.

घरी गेल्यावर अब्बांना एकटं गाठून विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"कीस कुणाचा?"

"आपलाच. माझ्या धुण्यातला. चोरीचा नाही."

"पण का, अब्बा?"

"बेटा, तीन इतवार काही नाही मिळालं तर चौथ्या इतवारी कोण येतं? ती पोरं एवढी फी भरून त्यांच्यासमोर बसतात. हा माणूस तुझ्यासाठी वाळूत बसतो. त्याला काहीतरी मिळायला नको?" मग म्हणाले, "तुझी बारावी होऊ दे. मग मी स्वतः सांगतो. परीक्षेला दोनच महिने राहिलेत."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू? मला उदगीरला जायचं नव्हतं, आणि अर्धी केमिस्ट्री, ती सगळी कार्बनची साखळी, अजून शिकायची राहिली होती. मी गप्प बसले. सातवा कणही मी डोळ्यांदेखत निघताना पाहिला आणि सरांबरोबर टाळी वाजवली. ती टाळी मला आजही आवडत नाही.

जानेवारीत एका रविवारी सर नवा शर्ट घालून आले. म्हणाले, "चाचा, बुधवारी नांदेडला जातोय. तिथं एक प्राध्यापक आहेत, दगड-मातीतले मोठे जाणकार. त्यांना ही बाटली दाखवतो. मग पेपरात लेख देतो. मांजरेत सोनं! आणि त्यात तुमचं नाव पहिलं."

अब्बांच्या हातातली बिडी विझली.  त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन मान वळवली.

मला पुढचं सगळं दिसत होतं. नांदेडचा जाणकार भिंग लावणार, रेघा बघणार आणि हसणार. लातुरात गोष्ट यायला एक दिवस पुरे. ज्या गावात केमिस्ट्रीच्या सरांचे फोटो खांबावर लागतात, त्या गावात सरांना सोनेवाला मास्तर म्हणून पोरं टपल्या मारणार. आणि सांगितलं तर माझं काय होणार, तेही दिसत होतं. सर वाळूवर समीकरण लिहायला वाकले तेव्हा मी म्हटलं, "सर, आधी एक दाखवायचंय."

आमच्या माणसांपासून कीस कधीच लांब नसतो. अब्बांच्या बिडीच्या डब्याच्या कडेला चिकटलेला एक कण मी काडीवर घेतला, बाटलीतला एक बाहेर काढून तळहातावर ठेवला, शेजारी हा ठेवला आणि भिंग सरांच्या हातात दिलं. "रेघा बघा, सर. दोन्हीवर."

सर बराच वेळ वाकून होते. पुलावरून एक बस गेली. मग त्यांनी भिंग खाली केलं आणि अब्बांकडं न बघता विचारलं, "कधीपासनं?"

"पहिल्यापासनं," अब्बा म्हणाले.

"सातही?"

"हौ. सातही."

"का, चाचा?"

"तुम्ही येत राहावं म्हणून."

सरांचा चेहरा लाल झाला. "मी काय सोन्यासाठी येत होतो?"

"मग कशासाठी?" अब्बांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

 सरांनी बाटली अब्बांच्या शेजारी दगडावर ठेवली, चपला हातात घेतल्या आणि पुलाकडं चालायला लागले. वाळूवरचं समीकरण डावीकडं अर्धं लिहिलेलं होतं. उजवी बाजू मी मनात पूर्ण करून बघितली, जमली नाही. हरभरेवाले आजोबा काठावरून म्हणाले, "ह्ये काय झालं? भांडलात का रं?" अब्बा काठवट आवरायला लागले.

अम्मीला घरी कळलं तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "मोठी आली खरं बोलणारी! महिना-दीड महिना कळ काढता येत नव्हती? आता त्या खऱ्याचीच भाजी करून घाल." मग अब्बांकडं वळली, "आणि तुम्ही! शिकवणाऱ्याला फसवता? हे कुठून शिकलात?" त्या दिवशी आमच्या घरात कुणाच्याच बाजूनं कुणी नव्हतं. सातही कण अब्बांनी पुढच्या मुशीत टाकून दिले.

पुढचे दोन रविवार सर आले नाहीत. अब्बा एकदा क्लासपर्यंत जाऊन आले. दाराशी सायकलींची एवढी गर्दी की आत शिरायचं धाडस झालं नाही, तसेच परतले. उदगीरचा निरोप आला की उन्हाळ्यात तारीख धरू या. अम्मीनं "परीक्षेनंतर बोलू" असं कळवलं, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मी पुस्तक घेऊन बसायचे. अल्कोहोल, अल्डिहाइड, किटोन. वाचलेलं संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. कॉलेजच्या सराव परीक्षेत मी केमिस्ट्रीत नापास झाले.

तिसऱ्या रविवारी सकाळी अब्बांनी काठवट काखेत मारली. मी म्हटलं, "सर नाहीत, मग कशाला?"

"चल तर," म्हणाले. "पुस्तक घे. इथं तरी कुठं वाचतेस?"

मी वाळूत पुस्तक उघडून बसले आणि अब्बा धुवायला लागले. एक काठवट, दुसरी, तिसरी. नखात काही नव्हतं, ते त्यांनी मुळापासून कापून टाकलं होतं. तरी त्यांची मान तशीच खाली, मनगट तसंच ढिलं. चौथ्या काठवटीची काळी रेती पाण्यात सोडून देत ते माझ्याकडं बघून चक्क हसले. "काही नाही निघालं," म्हणाले, "तरी बरं वाटतंय." आयुष्यभर पोटासाठी धुतलेला माणूस. त्या दिवशी पहिल्यांदा उगीच धूत होता.

तेवढ्यात पुलावर बस थांबली आणि सर उतरले. खाली आले, चपला काढल्या, विजार दुमडली. अब्बा उठायला लागले तर सरांनी हातानं खाली बसवलं.

"चाचा, आधी दोन्ही हात दाखवा. नखं."

अब्बांनी शाळकरी पोरासारखे हात पुढं केले. सरांनी दहाही बोटं तपासली.

"पास," म्हणाले. मग काठवटीत वाळू भरता भरता, आमच्या कुणाकडंच न बघता बोलले, "चूक माझी पण आहे. रोज दोनशे पोरांना सांगतो, तपासून बघा, तपासल्याशिवाय मानू नका. घरात ॲसिडच्या बाटल्या आहेत. एक थेंब टाकला नाही त्या कणांवर. तपासायचंच नव्हतं मला." मग काठवट पाण्यात बुडवत, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलं नाही चाचा. सापडेपर्यंत धुऊ."

"धुवा," अब्बा म्हणाले. "पण हात ढिला सोडा."

मग सर माझ्याकडं वळले. सराव परीक्षेचे मार्क विचारले. मी सांगितले. ते म्हणाले, "रविवार पुरणार नाहीत. रोज क्लास सुटल्यावर येत जाईन, तासभर. पण तुझ्या अम्मीला सांग, चहात साखर कमी."

त्या दिवसापासून परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत सर आमच्या अंगणात आले. खाट एका बाजूला सारून, अब्बांच्या वाळत टाकलेल्या राखेशेजारी मी कार्बनची साखळी शिकले. अम्मीनं साखर कधीच कमी केली नाही. रविवारी मात्र नदीच. तिथं त्यानंतर एकही पिवळा ठिपका निघाला नाही. निघाली ती काळी रेती, शिंपल्याचे तुकडे, एकदा एक जुनं घासलेलं नाणं, एकदा चांदीचं घुंगरू. घुंगरू आजोबांनी आपल्या नातीसाठी मागून घेतलं. सर प्रत्येक काठवट तेवढ्याच आशेनं उचलायचे. मला त्या रविवारांची आठवण येते तेव्हा डोळ्यांपुढं सोनं येत नाही. थंडीतलं ऊन येतं, अब्बांच्या बिडीचा वास आणि दोन मोठी माणसं एका परातीवर डोक्याला डोकं लावून बघतायत, ते येतं.

मी बारावी पास झाले. केमिस्ट्रीत सगळ्यात जास्त मार्क पडले. उदगीरला अम्मीनंच नकार कळवला, आणि वर सांगितलं, "पोरगी शिकतेय, दुसरी बघा." मुलाकडची माणसं खरंच चांगली होती, त्यांनी मिठाई पाठवली.

पुढं मी नांदेडला कॉलेजात गेले. तिथं भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना मी धाडस करून विचारलं की मांजरेत सोनं असेल का. त्या म्हणाल्या, आपल्याकडचा हा सगळा काळा खडक लाव्हाचा, त्यात सोनं धुवून मिळेल अशी आशा धरू नकोस. मी ते सरांना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: "ठीक. रविवारी चाचांबरोबर पुन्हा जातोय."

अब्बांनी पुढं गुडघे साथ देईनासे झाले तोवर नदीवर जायचं सोडलं नाही. सराफ्यात ते कामाला जात आणि मांजरेवर सुट्टीला. आमच्या गल्लीत सुट्टी घेणारे पहिले झारेकरी तेच.

मी नांदेडहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात, बाईत किंवा पुरुषात, पदवी घेणारी मी पहिली.